काळ्या कोळशाला बोलतं करणारा प्रकाश : सर सी. व्ही. रामन यांची जीवनकथा



२८ फेब्रुवारी जवळ आला की आपण सगळेच सर सी. व्ही. रामन यांच्यावर भाषण शोधायला लागतो. जन्म, शिक्षण, रामन परिणाम, नोबेल, भारतरत्न, धन्यवाद. मीसुद्धा चार-पाच वर्षं तेच पाठ करून घेतलं. या वर्षी मात्र एका पालकांनी मला अडचणीत टाकलं, आणि त्यामुळे रामन यांचं आयुष्य नव्याने वाचावं लागलं.

आमच्याकडे कापूस निघाला की शेतात पराट्या उरतात. बहुतेक जण त्या धुऱ्यावर पेटवून देतात. या पालकांनी एका प्रशिक्षणात बायोचारबद्दल ऐकलं होतं. खड्ड्यात, कमी हवेत पराट्या जाळायच्या, राख होऊ द्यायची नाही, जो काळा कोळसा उरतो तो शेणखतात मुरवून शेतात घालायचा. त्यांनी तो करून पाहिला आणि मुलीला शाळेत सोडायला आले तेव्हा एक तुकडा मला दाखवायला आणला. त्यांचा प्रश्न साधा होता. प्रशिक्षणात सांगितलं की प्रयोगशाळेत प्रकाश टाकून बायोचारमध्ये काय आहे ते ओळखतात. मॅडम, हे तर सगळं काळंच दिसतं, काळ्यावर प्रकाश टाकून काय दिसणार?

मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन शोधायला बसले. शोधता शोधता ज्या यंत्रापाशी पोचले त्याचं नाव रामन स्पेक्ट्रोमीटर. म्हणजे ज्यांच्यावर दरवर्षी भाषण पाठ करून घेतो, तेच रामन! म्हणून यंदाचा लेख त्यांच्या आयुष्यावर, पण हातात तो कोळशाचा तुकडा धरून.

बालपण आणि शिक्षण

हा भाग आपल्याला माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीला झाला. आई पार्वती अम्माल. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब विशाखापट्टणमला गेलं. घरात पुस्तकं होती आणि वडिलांना व्हायोलिन वाजवायची आवड होती. हे व्हायोलिन लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. रामन ११ व्या वर्षी मॅट्रिक झाले, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये पहिल्या क्रमांकाने बी.ए. झाले आणि १९०७ मध्ये एम.ए. मधल्या काळात, १९०६ मध्ये, म्हणजे जेमतेम १८ व्या वर्षी, त्यांचा पहिला शोधनिबंध इंग्लंडच्या एका नामांकित नियतकालिकात छापून आला.

हुशार मुलाने पुढे इंग्लंडला जावं असं शिक्षकांना वाटत होतं. पण मद्रासच्या सिव्हिल सर्जननी तपासलं आणि ह्या किडकिडीत मुलाला तिकडची थंडी सोसणार नाही असा निर्णय दिला. मग काय, सरकारी वित्त खात्याची परीक्षा दिली, त्यातही पहिले आले, लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं आणि १९०७ मध्ये दोघं कलकत्त्याला गेले. पद असिस्टंट अकाउंटंट जनरल. वय १८.

हिशेबनीस आणि तबला

कलकत्त्यात कामावर जाता-येता बऊबाजार रस्त्यावर रामन यांना एक पाटी दिसली : इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकांच्या देणग्यांतून काढलेली ही संस्था. प्रयोगशाळा होती, उपकरणं होती, पण काम करणारं कुणी फारसं नव्हतं. रामन आत गेले आणि त्यांना कामाची परवानगी मिळाली.

त्यानंतरचा त्यांचा दिनक्रम वाचून मला आपल्या नोकरीच्या तक्रारी जरा लहान वाटल्या. पहाटे साडेपाचला प्रयोगशाळा. पावणेदहाला घरी येऊन घाईघाईत आंघोळ-जेवण आणि ऑफिस. संध्याकाळी पाचला ऑफिसातून सरळ पुन्हा प्रयोगशाळा. घरी रात्री साडेनऊ-दहाला. रविवारी दिवसभर तिथेच. दहा वर्षं! (लोकसुंदरीबाईंना काय वाटत असेल, हेही मनात आल्याशिवाय राहत नाही.) मधे १९०९ मध्ये रंगूनला बदली झाली आणि १९१० मध्ये आपल्या नागपूरला. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत बढती मिळून ते परत कलकत्त्याला गेले, पण काही महिने का होईना, हा माणूस नागपुरात सरकारी हिशेब तपासत होता हे आमच्या मुलांना सांगितल्यावर त्यांचे डोळे मोठे झाले.

या वर्षांत रामन यांचा विषय प्रकाशापेक्षा आवाज जास्त होता. व्हायोलिनची तार कशी थरथरते, तंबोऱ्याच्या जव्हारीने काय होतं, आणि तबला-मृदंग इतके सुरेल का वाजतात.

इथे थोडं थांबू या. साधं कातडं ताणलेला ढोल वाजवला तर ढब् असा आवाज येतो. त्यातून अनेक स्वर निघतात, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून सूर असा लागत नाही. तारेचं तसं नसतं. तारेतून मूळ स्वर, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे जुळलेले स्वर निघतात आणि कानाला गोड लागतात. तबला आहे कातड्याचा, पण बोलतो तारेसारखा. का? रामन यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर १९२० मध्ये दाखवून दिलं की हे मधल्या काळ्या शाईचं काम आहे. शाईमुळे कातडं मधे जड होतं, आणि त्या वजनामुळे वेगवेगळ्या थरथरी एकमेकींशी जुळून येतात. आपल्या कारागिरांनी हे शतकानुशतकं हाताने आणि कानाने साधलेलं होतं. रामन यांनी ते मोजून दाखवलं.

मुलांना हे शिकवायला तबला नसेल तरी चालेल. बाजारातून माठ घेताना आपली आई काय करते? बोटाने टिचकी मारते. टण्ण वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडकलेला. माठ फोडावा लागत नाही. वस्तूला जरासा धक्का दिला की तिची घडण तिच्या थरथरण्यातून कळते. पुढे प्रकाशाच्या बाबतीत जे घडलं ते समजायला ही टिचकी फार उपयोगी आहे, असं मला शिकवताना जाणवलं.

१९१७ मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांनी रामन यांना कलकत्ता विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पालित प्राध्यापक म्हणून बोलावलं. पगार जवळजवळ निम्मा होणार होता. रामन यांनी सरकारी नोकरी सोडली. आज घरातल्या कुणी असं केलं तर आपण काय म्हणू, याचा विचार पालकांनी मनातल्या मनात करावा.

मुंबई बंदरातून गेलेलं पत्र

१९२१ मध्ये रामन पहिल्यांदा इंग्लंडला गेले, ऑक्सफर्डच्या एका विद्यापीठ परिषदेसाठी. परत येताना नारकुंडा नावाच्या जहाजावरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला. तेव्हाचे मोठे शास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांचं म्हणणं होतं की समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांनी खिशातला छोटा निकोल प्रिझम काढला आणि पाण्याकडे अशा कोनातून पाहिलं की पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडला जाईल. प्रतिबिंब गेलं, तरी निळा रंग राहिलाच, उलट अधिक गडद झाला. म्हणजे पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात. प्रकाशाच्या या विखुरण्याला पाठ्यपुस्तकात आपण विकिरण म्हणतो. जहाज पोचलं तेव्हा मुंबई बंदराचा पत्ता घालून त्यांनी नेचर या नियतकालिकाला पत्र धाडलं. तारीख २६ सप्टेंबर १९२१.

कलकत्त्याला आल्यावर सगळी प्रयोगशाळा याच कामाला लागली. पाणी, बर्फ, वाफ, तेलं, अल्कोहोल, काच, स्फटिक, जे मिळेल त्यातून प्रकाश सोडायचा आणि बाजूला विखुरलेला प्रकाश पाहायचा. १९२३ मध्येच के. आर. रामनाथन या विद्यार्थ्याला एक विचित्र गोष्ट दिसली. विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाशिवाय दुसऱ्या रंगाची अगदी क्षीण झाक होती. सर्वांना वाटलं, द्रव अशुद्ध असेल, त्यातली घाण चमकत असेल.

अशा चमकण्याला प्रतिदीप्ती म्हणतात. ती वर्गात दाखवणं सोपं आहे. चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या, खोलीत अंधार करा आणि नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा प्रकाश त्यावर टाका. पिवळा द्रव हिरवट चमकायला लागतो. मुलं ओरडतात अगदी. (टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारू देऊ नका, आणि सॅनिटायझर पेट घेणारं असतं तेव्हा जवळ दिवा-काडी नको.) हळदीचा रेणू प्रकाश गिळतो आणि नंतर आपल्याच रंगाचा प्रकाश सोडतो. कलकत्त्यातली ती क्षीण झाकही तसलीच असेल, असं सगळे धरून चालले. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला तरी झाक जाईना. तरी पाच वर्षं तिला क्षीण प्रतिदीप्ती हेच नाव राहिलं.

१९२७ च्या अखेरीस आणि १९२८ च्या सुरुवातीला चित्र बदललं. नोकरी सांभाळून रिकाम्या वेळात काम करणारे वेंकटेश्वरन शुद्ध ग्लिसरीनवर प्रयोग करत होते. त्यांना दिसलेला प्रकाश चक्क हिरवट होता आणि तो ठरावीक दिशेत कंपणारा होता. साध्या प्रतिदीप्तीत असं सहसा होत नाही. त्याच सुमारास क्ष-किरणांच्या विखुरण्यावरच्या शोधासाठी कॉम्प्टन यांना नोबेल मिळालं होतं. क्ष-किरणाची ऊर्जा विखुरताना बदलू शकते, तर साध्या प्रकाशाची का नाही, हा विचार रामन यांच्या मनात पक्का झाला. त्यांनी के. एस. कृष्णन यांना पुन्हा प्रयोगाला बसवलं.

प्रयोग इतका साधा आहे की वाचून आश्चर्य वाटतं. सूर्याचा प्रकाश दुर्बिणीच्या मोठ्या भिंगाने एकवटला. वाटेत निळी-जांभळी काच ठेवली, म्हणजे द्रवावर फक्त निळा-जांभळा प्रकाश पडेल. आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर हिरवी-पिवळी काच, जी निळा-जांभळा अडवते. आता काहीच दिसायला नको. तरी द्रवातून जाणारी प्रकाशाची क्षीण रेघ दिसली! म्हणजे द्रवात शिरलेल्या प्रकाशातला थोडा भाग रंग बदलून बाहेर येत होता. एका द्रवात नाही, साठेक द्रवांमध्ये. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी हाच प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला तेव्हा नवा रंग मूळ रंगापासून स्पष्ट वेगळा दिसला. मग पाऱ्याचा दिवा वापरून त्याच्या ठसठशीत रेषांचे फोटो घेतले गेले. म्हणून आपला राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो, १९८७ पासून.

आता टिचकी आठवा. रेणूतले अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत थरथरत असतात. प्रकाशाचा कण रेणूवर आदळून बहुतेक वेळा जसाच्या तसा परततो. पण कोटभर कणांत एखादा आपली थोडी ऊर्जा रेणूच्या थरथरीला देऊन येतो आणि तेवढा त्याचा रंग तांबड्याकडे सरकतो. किती सरकला ते थरथरीवर अवलंबून, आणि प्रत्येक प्रकारच्या बंधाची थरथर वेगळी. म्हणून सरकलेला रंग मोजला की आत कोणते बंध आहेत ते कळतं. तबल्याचे स्वर मोजणारा माणूस रेणूंचे स्वर मोजू लागला, एवढाच काय तो फरक.

नोबेल १९३० मध्ये मिळालं, एकट्या रामन यांना. मिळणारच अशी त्यांची खात्री इतकी की जाहीर होण्याआधीच जुलैत स्वीडनच्या बोटीची तिकिटं काढून ठेवली होती. पण कृष्णन यांचं नाव आपल्या भाषणांत जवळजवळ कधीच येत नाही. २८ फेब्रुवारीपर्यंतचे रोजचे प्रयोग करणारे हात त्यांचे होते, नेचरमधल्या पहिल्या पत्रावर दोघांची नावं होती. रामनाथन आणि वेंकटेश्वरन तर पूर्णच गाळले जातात. यंदा माझ्या वर्गातल्या चौघांना मी ही चार नावं वाटून दिली आहेत.

बंगळूर आणि कमला भागवत

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. त्या पदावरचे पहिले भारतीय. आणि त्याच वर्षी मुंबईहून एक अर्ज आला, कमला भागवत यांचा.

मराठी वाचकांना दुर्गा भागवत माहीत असतात. कमला त्यांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली आलेली. वडील आणि काका त्याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. गुणांवरून प्रवेश मिळायलाच हवा होता. रामन यांनी नाकारला, आणि कारण एकच, ती मुलगी आहे.

कमला बंगळूरला गेल्या, समोर उभं राहून कारण विचारलं आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष चाचणीचं. संचालकांचं समाधान झालं तरच काम धरलं जाणार. आणि त्यांच्या असण्याने तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी अटी मानल्या, अपमान गिळला आणि वर्षभर काम केलं. वर्षाअखेरीस रामन यांचं समाधान झालं आणि त्यानंतर त्या संस्थेचं दार मुलींना उघडलं. कमलाताई पुढे केंब्रिजहून पीएच.डी. करून आल्या, कमला सोहोनी या नावाने नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. तो अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत.

हा प्रसंग विज्ञान दिनाच्या भाषणात घ्यावा की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये वाद झाला. एका सरांचं म्हणणं, थोर माणसांच्या चुका मुलांसमोर कशाला? मला ते पटलं नाही. माझ्या वर्गात निम्म्या मुली आहेत. ज्या माणसाने पाच वर्षं एका क्षीण प्रकाशाला चुकीचं नाव चिकटलेलं सोसलं नाही, तपासून पाहिलं, त्याने एका विद्यार्थिनीला तपासण्याआधीच नाव चिकटवलं. हे मुलींना कळलं पाहिजे, आणि मुलांनाही.

पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत काही मुली आल्या. अण्णा मणी त्यांतल्याच. १९४० ते ४५ या काळात त्यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटावर काम केलं. एकेका फोटोसाठी पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे, तेव्हा प्रयोगशाळेतच झोपायचं. एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. त्या मग हवामान खात्यात गेल्या, पुण्याला आल्या आणि देशभर लागणारी हवामानाची उपकरणं इथे बनवण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा राहिला.

हिरा आणि कोळसा

हिऱ्याचं रामन यांना वेडच होतं. त्यांच्या संग्रहात शेकडो हिरे होते. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून बसलेला. एकाच प्रकारचा बंध, म्हणून रामन वर्णपटात एकच टोकदार रेषा, १३३२ या आकड्यावर. ती १९३० मध्येच सापडली होती. (हा आकडा म्हणजे रंग किती सरकला त्याचं माप, दर सेंटिमीटरमागे लाटा अशा एककात.) हिऱ्याच्या थरथरीवरून रामन यांचा मॅक्स बॉर्न या मोठ्या शास्त्रज्ञाशी कित्येक वर्षं वाद चालला. रामन हटले नाहीत, पण त्या वादात बॉर्न यांची बाजू बरोबर ठरली.

संस्थेतल्या भांडणांमुळे १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावं लागलं. प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत राहिले. निवृत्तीनंतर देणग्या जमवून बंगळूरलाच स्वतःची रामन संशोधन संस्था उभी केली. सुरुवातीला तिथे वीजही नव्हती, तर खिडकीच्या भोकातून ऊन आत घेऊन प्रयोग दाखवायचे. १९५४ मध्ये भारतरत्न मिळालं. सरकारी मदत नको असायची, कारण मग हिशेब आणि अहवाल आले! आयुष्याची दहा वर्षं सरकारी हिशेबांत गेलेल्या माणसाचं हे म्हणणं मला फार आवडलं. शाळेची मुलं मात्र आलेली चालायची. त्यांना ते हिरे, खडे, शंख-शिंपले, फुलपाखरं दाखवत बसत.

आता आपला तुकडा. पराटीत सेल्युलोज, लिग्निन वगैरे असतं, म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. कमी हवेत तापवलं की आधी पाणी जातं, मग धूर आणि डांबरासारखे पदार्थ जातात, आणि मागे राहिलेले कार्बनचे अणू सहा-सहाची कडी करून एकमेकांना जोडले जातात. मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. पेन्सिलीच्या शिशात अशा जाळ्यांचे थर नीट रचलेले असतात. कोळशात त्या लहान, फाटक्या, चुरगळलेल्या असतात. लेसरचा प्रकाश टाकला की रामन वर्णपटात दोन रुंद उंचवटे दिसतात. एक १५८० ते १६०० च्या आसपास, त्याला जी म्हणतात. तो कार्बनच्या जाळीच्या थरथरीचा. दुसरा १३५० च्या आसपास, डी. तो जाळीत कडा आणि तुटफूट असली की दिसतो. दोन्हींची उंची आणि रुंदी पाहून जाळी किती जमली, कोळसा साधारण किती तापला होता, याचा अंदाज बांधतात. जाळी जितकी जमलेली तितका तो कार्बन जमिनीत जास्त वर्षं टिकतो, म्हणून शेतकऱ्याला याचं महत्त्व.

सगळं काही या एका यंत्राने कळत नाही, हेही सांगायला हवं. ऑक्सिजन असलेले कोणते गट शिल्लक आहेत हे अवरक्त प्रकाशाने जास्त चांगलं कळतं. अन्नद्रव्यं धरून ठेवायला हेच गट उपयोगी पडतात. कार्बन शेकडा किती हे पाहायला नमुना पूर्ण जाळून निघालेला वायू मोजावा लागतो. राखेतल्या खनिजांसाठी आणखी वेगळी यंत्रं आहेत.

आणि यातली गंमत बघा. कमी तापवलेल्या, अर्धवट कोळशावर लेसर टाकला की तो हळदीसारखा चमकायला लागतो. प्रतिदीप्ती! रामन यांचा क्षीण प्रकाश त्या चमकेत बुडून जातो आणि शास्त्रज्ञांना लेसरचा रंग बदलून बघावं लागतं. १९२३ मध्ये कलकत्त्यात खऱ्या नव्या प्रकाशाला प्रतिदीप्ती समजले होते. आज कोळशाच्या प्रयोगशाळेत प्रतिदीप्तीच खऱ्या प्रकाशाला झाकते.

ग्राफाइटच्या या दोन उंचवट्यांचा अर्थ लावणारा टुइन्स्ट्रा आणि कोनिग यांचा महत्त्वाचा शोधनिबंध १९७० मध्ये छापला गेला. तोपर्यंत लेसर आले होते आणि काळ्या पदार्थांचा रामन प्रकाश मोजणं शक्य झालं होतं. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला बंगळूरला रामन यांचं निधन झालं. कोणताही धार्मिक विधी न करता संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी स्मारक नाही, एक झाड आहे.

आमच्या पालकांना मी हे सगळं चार दिवसांनी सांगितलं, माठापासून सुरुवात करून. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग माझ्या टेबलावरचा त्यांचाच तुकडा उचलला आणि मोडला. आतून तो तपकिरी होता. खड्डा लवकर विझवला, असं म्हणत ते तुकडा खिशात घालून निघून गेले.